भट्टीवाल्याच्या बागेतलं कारंजं

फेज शहरातल्या एका जुन्या हमामाची भट्टी बूश्तानं उभी हयात पेटती ठेवली. वर लोक अंघोळी उरकून ताजेतवाने घरी जायचे आणि खाली हा लाकडाचा भुसा आगीत लोटत असायचा. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यानं फावडं पुतण्याच्या हाती दिलं आणि घरामागच्या बागेत रमला. कडू संत्र्याचं झाड होतं, पुदिन्याचे वाफे होते, भिंतीवर जाई चढली होती. तरी त्याला वाटे, या बागेच्या अंगावर एखादा दागिना हवा.

हे कळताच त्याचा मेहुणा हमीदू प्लास्टरचे दोन हंस घेऊन हजर झाला.

"हंस होय हे?" बूश्ताची बायको यामना म्हणाली. "मला वाटलं, बदकांना लकवा मारलाय."

मग नवराबायको कुंभारांच्या वस्तीत गेले. कंदील, रांजण, निळ्या नक्षीच्या कुंड्या बघून बूश्ता पार गोंधळून गेला. शेवटी भिंतीला लावायचं छोटं कारंजं ठरलं, रंगीत तुकड्यांच्या नक्षीचं.

"रंग कुठले घालू, बूश्ता?" कारागीर अल्लालनं विचारलं. त्याला सगळे मालेम, म्हणजे उस्ताद, म्हणत.

"लाल-पिवळा सोडून काहीही. ते जन्मभर पोटभर पाहिलंय."

निळा आणि हिरवा ठरला. काही दिवसांनी दोघं काम बघायला गेले, तर अल्लाल जमिनीवर बसून मातकट चिपा एकीला एक भिडवत होता. रंगाचा कुठे ठिपका नव्हता.

"मालेम, माझा निळा कुठाय?"

"खाली. तोंडं जमिनीकडे आहेत. तुला दिसतेय ती पाठ."

"मग तुला नक्षी दिसते कशी?"

"दिसत नाही. आठवते."

बूश्ता बायकोच्या कानाशी लागला, "एखादी चीप चुकली म्हणजे?"

"मग हंसांना सोबत होईल."

पाठीवर चुन्याचा थर ओतला, तो वाळला, आणि एका सकाळी चौघांनी मिळून ती जड फरशी उचलून उलटी केली. अल्लालनं ओल्या फडक्यानं पुसली.

मधोमध एक तारा होता. त्याच्या टोकांमधून दुसरे तारे फुटले होते, त्यांच्यातून आणखी, थेट काठापर्यंत. निळा तर असा, की पहाटे आग लावून बाहेर आल्यावर छपरांच्या वर जो काही क्षण दिसायचा, तोच. बूश्तानं डोक्यावरची टोपी काढली. चूक शोधायला म्हणून त्यानं एका रेघेवर बोट ठेवलं. बोट वळत गेलं, दुसऱ्या ताऱ्यात शिरलं, तिसऱ्यातून निघालं, आणि चूक काही सापडेना. ते जाडंभरडं, भाजल्याचे डाग पडलेलं बोट फिरून पहिल्या ताऱ्यापाशी आलं.

"सुब्हानल्लाह," तो पुटपुटला. "माणसानं केलंय हे? न बघता?"

यामनानं वाकून तीच रेघ आपल्या बोटानं गिरवली. तिचे डोळे भरले होते.

कारंजं जाईच्या भिंतीला बसलं. हंस गच्चीवर गेले, त्यांच्या पाठीवर यामना पायपुसणी वाळत घालते. हमामातले जुने सोबती येतात, बूश्ता त्यांना पुदिन्याचा चहा देतो आणि कारंज्यासमोर नक्षी बघत बसवतो.

अजूनही सकाळी कधीतरी तो परसातून हाक मारतो, "यामना! आणखी एक तारा सापडला! लहानगा, हिरव्याच्या आत!"

आणि ती पिठाच्या हातांनी बघायला जाते.