सिस्टरनी घासलेलं तळं

सिस्टरना स्वस्थ बसता येत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. निवृत्त झाल्या तरी हातातलं फडकं काही सुटेना. कुठे डाग दिसला की अंगाचा तिळपापड व्हायचा. अशा बाईच्या परसात नवऱ्यानं हौसेनं तळं खणावं, ही मोठीच गंमत.

तळं कसलं, दोन खाटा मावतील एवढा खड्डा. आत काळं प्लास्टिक, कडेनं दगड, कोपऱ्यात घरघरणारा पंप आणि स्पंजाचा फिल्टर. नवरा पेंटर, दुकानांचे बोर्ड रंगवण्यात त्यांची हयात गेली. तळ्यात त्यांचे सात केशरी मासे होते. त्यातला सगळ्यात थोराड तो मुकादम. डाव्या गालावर पांढरा ठिपका, आणि बाकीच्यांना ढोसून आधी स्वतः खाणार. पेंटरांचा त्याच्यावर भारी जीव.

मग पेंटरांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तळं दिसावं म्हणून सिस्टरनी त्यांचा पलंग खिडकीशी लावला. नेमकं त्याच उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायला लागलं. पंधरा दिवसांत इतकं दाट झालं की मासे दिसेनासे झाले.

“अगं, मुकादम दिसतो का?” पेंटर रोज सकाळी विचारायचे.

सिस्टरनी पदर खोचला. मासे टबात काढले, तळं उपसलं, दगड ब्रशनं घासले, फिल्टर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवला, नळाचं ताजं पाणी भरलं. तळ लख्ख दिसायला लागला. आठवड्याच्या आत पाणी पुन्हा हिरवं. त्यांनी पुन्हा उपसलं. तिसऱ्या खेपेला तळं न उपसता नुसता फिल्टर ब्लीचिंगमधून काढला, पण घाईत तो नीट खंगाळायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी मुकादम पोट वर करून तरंगताना दिसला.

 पेंटरांना जाग यायच्या आत सिस्टरनी तो झाडाखाली पुरला. दुकान उघडायच्या वेळी त्या अ‍ॅक्वेरियमवाल्याच्या दारात हजर होत्या. त्यानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

“सिस्टर, तुम्ही तळ्याचं थिएटर करून टाकलंत की! अहो, त्या स्पंजात बारीक जिवाणू असतात. माशांची घाण तेच पचवतात. तुम्ही दर वेळी त्यांनाच मारताय, आणि शेवाळाचं आयतंच फावतंय.”

“मग मी करू तरी काय?”

“काही करू नका.”

“म्हणजे?”

“म्हणजे हात लावू नका. खाणं निम्मं करा. अर्ध्या पाण्यावर सावली येईल इतकी कमळं सोडा. फिल्टर महिन्यातून एकदा, तळ्याच्याच पाण्यात, नुसता पिळायचा. निवळेल आपोआप.”

जंतू मारण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला म्हणे जंतू जपा! सिस्टरना ते पटलं नाही, पण दुसरा इलाजही नव्हता. कमळाची रोपं घेऊन निघताना त्यांची नजर एका टाकीवर गेली. थोराड, केशरी, गालावर पांढरा ठिपका. फक्त उजव्या गालावर.

“हाही द्या,” त्या म्हणाल्या.

हिरव्या पाण्यात कुणाचा कुठला गाल, कुणाला कळणार? “मुकादम मजेत आहे हो,” असं त्या रोज सांगत राहिल्या. आणि ही काही त्यांची पहिली थाप नव्हती. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं की पेंटरांच्या हातात आता फारशी ताकद येणार नाही. तरी त्या रोज तो हात चोळताना म्हणायच्या, “येईल, वेळ लागतो.”

आता हात न लावण्याची शिक्षा सुरू झाली. सिस्टरनी सगळी कपाटं दोनदा लावली, पंख्याची पाती पुसली, आणि तरी दर अर्ध्या तासानं तळ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मासे काढायच्या जाळीकडे गेलेला हात मागे घ्यायच्या. रोज सकाळी तळ्यातलं पाणी ग्लासात घेऊन त्यातून वर्तमानपत्र बघायच्या. आधी मथळासुद्धा दिसेना. मग मथळा दिसला. तिसऱ्या आठवड्यात बारीक अक्षरं लागायला लागली आणि सिस्टरनी ग्लास घाईनं ओतून टाकला. पाणी निवळलं तर पेंटरांची नजर काही चुकायची नाही. आयुष्यभर रंग बघितलेला माणूस तो.

तेविसाव्या दिवशी त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

“उघड ना,” पेंटर म्हणाले. “काल मला केशरी काहीतरी चमकलेलं दिसलं.”

“ऊन येतंय.”

“येऊ दे की. मुकादमाला बघू दे.”

सिस्टरनी पडद्याला हात घातला आणि तिथेच थांबल्या. थिएटरच्या दाराशी त्यांनी किती नातेवाइकांना नको ती बातमी सांगितली होती, कधी आवाज कापला नव्हता. आज कापला.

“अहो, मुकादम गेला. तेवीस दिवस झाले. आत आहे तो दुसराच.”

“कशानं गेला?”

“माझ्यामुळं. फिल्टरात ब्लीचिंग राहिलं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.”

 पेंटरांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि चादरीवर सिस्टरपुढं ठेवला.

“आता याचंही खरं सांगून टाक.”

“बोटं थोडी हलतील,” सिस्टर म्हणाल्या. “ब्रश नाही धरता येणार.”

पेंटरांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि सिस्टरनी ते पुसलं नाही.