होतं की हाय

निवृत्त झाले तेव्हा लाल पेन सुटलं, खोड मात्र सुटली नाही. कुंभारवाड्याकडच्या मराठी शाळेत जन्मभर मुलांची वाक्यं दुरुस्त केली. आता गुंद गावातल्या घरी बसून कुणाची करायची? मग भाचीनं फोनवर तो ज्ञानकोश दाखवला, कुणीही लिहावा आणि कुणीही खोडावा असा. मला आयतीच वही मिळाली.

घरात रेंज येत नाही. रस्त्याच्या वळणावर एक सपाट दगड आहे, तिथं येते. सकाळची कामं आटपली की मी त्या दगडावर जाऊन बसायचे. समोर भाताच्या खाचरांवरून धुकं इतकं हळू उठायचं, की ते उठतंय की आपणच खाली बसतोय ते कळायचं नाही. अर्धा जीव फोनमध्ये, अर्धा त्या धुक्यात. कुणाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला, कुणाचा अनुस्वार गळला, सगळं मी सारखं करत जायचे आणि मला फार बरं वाटायचं.

श्रावणात एका गावाचा लेख सापडला. जेमतेम दोन ओळींचा. नाव इथं लिहीत नाही, त्या नावावरून पुरेसं भांडण झालंय. ‘हे जोयडा तालुक्यातील एक गाव आहे.’ मी हसलेच. ते गाव माझ्या तरुणपणीच सुप्याच्या धरणात गेलं. माणसं उठून रामनगरला आली. मी ‘आहे’ खोडून ‘होते’ केलं आणि घरी जाऊन सुखानं जेवले.

फाल्गुनात बघते तर परत ‘आहे’. मी ‘होते’ केलं. दुसऱ्या दिवशी ‘आहे’. समोरच्याला नाव नव्हतं, नुसते आकडे होते. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘पाण्याखाली माणसे राहत नाहीत.’ पुन्हा ‘आहे’. माझं डोकं फिरलं. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून त्या ज्ञानकोशाची राखण करणाऱ्या प्रचालकानं शेवटी पानाला कुलूप घातलं, कुणालाच बदल करता येऊ नये म्हणून, आणि दोघांनाही सारखंच दटावलं: एकमेकांचे बदल उलटवत बसू नका, चर्चा पानावर एकमत करा. या वयात मला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

चर्चा पानावर मी भूतकाळ म्हणजे काय यावर लांबलचक लिहिलं आणि शेवटी सवयीनं लिहून गेले, ‘आधी वाक्याचा काळ बघावा, मग तोंड उघडावे.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘बाई, तुमीच न्हवं? ह्ये वाक्य ऐकून मी छड्या खाल्ल्यात. रामनगरला या. हितं लिवून तुमाला कळायचं न्हाई.’

खाली नाव होतं. माझीच विद्यार्थिनी. आता रामनगरात शिवणाचं दुकान चालवते, दुकानामागं घर. मी गेले तेव्हा तिचे सासरे ओसरीवर बसले होते, मांडीवर धुतलेला टॉवेल घडी घालून. चहा देता देता तिनं सांगितलं. त्या बुडालेल्या गावाचा देव वरच्या गावातल्या मोठ्या देवाचा भाऊ. दर वैशाखात तिथल्या जत्रेला गुरव गाऱ्हाणं घालतो, एकेका गावाच्या देवाला नाव घेऊन बोलावतो, आणि त्या त्या गावच्या मानकऱ्याला फोडलेल्या नारळाची कवड देतो. बुडालेल्या गावाची कवड इतकी वर्षं तिचे सासरे घेत आले. टॉवेलात बांधून न्यायची आणि धरणाच्या पाण्यात सोडायची. यंदा पौषात देवळाच्या कमिटीची बैठक झाली. कुणीतरी फोन काढून सगळ्यांना दाखवलं. गाव ‘होते’ असं लिहिलंय. मग नाव कशाला घ्यायचं आणि मान कुणाला द्यायचा? यंदापासून बंद.

“तुमच्या एका शब्दानं मामांचा मान गेला बगा,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

मी चाचरत म्हटलं, “पण गाव पाण्यात गेलं हे तर खरं ना, मामा?”

म्हाताऱ्यानं टॉवेलाची घडी सारखी केली. मग म्हणाला, “बाई, घरातनं भाईर पडताना आपन ‘जातो’ म्हनतो काय?”

“नाही. ‘येतो’ म्हणतो.”

“आमी गावाला ‘येतो’ म्हनून आलोय. आनी तुमी ‘होतं’ लिवतासा.”

मला लाज वाटली. मराठी शिकवण्यात जन्म गेला आणि ‘येतो’चा काळ कुठला, हे मी कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

चैत्रात पाणी खाली गेलं तेव्हा ते दोघं मला गाव दाखवायला घेऊन गेले. वाळलेल्या गाळाला भेगा पडलेल्या. वठलेल्या झाडांचे बुंधे, एका विहिरीचं तोंड, देवळाच्या तीन पायऱ्या, बाकी सगळा राखी उजेड. मी सरळ पायऱ्यांकडे निघाले तर मामांनी हात आडवा केला. “तितनं न्हाई. भिंत हाय. हितनं वळा.” मला भिंत दिसत नव्हती. ते मात्र एकेका घराला वळसा घालत चालले होते. एका ठिकाणी थांबून वाकले, जणू चौकट ठेंगणी होती. “गोठा हाय, जपून.” मागून त्यांची सून वाकली. मग मीही वाकले. कशाखालून वाकले कोण जाणे, पण ताठ चालायचा धीर झाला नाही. पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत उजव्या हाताला कुणाचं घर, डाव्या हाताला कुणाचं, हे मला पाठ झालं होतं. परतताना आम्ही त्याच वाटेनं, तसंच वळत आलो.

दगडावर बसून मी चर्चा पानावर माघार घेतली. प्रचालकानं विचारलं, संदर्भ? वाकल्याचा संदर्भ कुठून द्यायचा? सुनेनं तालुक्याच्या छापील नकाशाचं एक जुनं पुस्तक शोधून काढलं, मी पान क्रमांक घातला, आणि दोघींनी मिळून वाक्य रचलं: ‘हे गाव धरणाच्या जलाशयात आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर दिसते. गावकरी रामनगर येथे राहतात.’ प्रचालकाला ते पटलं. कुलूप निघालं.

तो फोन घेऊन मी स्वतः कमिटीपुढं गेले आणि चूक माझी होती असं सांगितलं. त्यांनी तो हातोहात फिरवला. “लिवलंय म्हंजे घालूया,” एकजण म्हणाला, पण बाकीच्यांनी नुसता फोन परत दिला.

वैशाखात वरच्या गावच्या देवळापुढं माणसं जमली. गुरव एकेक नाव घेत होता आणि प्रत्येक नावाला लोक “व्हय म्हाराजा” म्हणत होते. शाळेत याच ‘व्हय’साठी मी किती जणांचे कान पिळले असतील. नावं सरत आली. मामा खांबाला टेकून उभे होते, घडीचा टॉवेल खांद्यावर. गुरवानं कमिटीकडं पाहिलं, मग त्या गावाचं नाव घेतलं आणि थांबला. कुणीच बोललं नाही. म्हणावं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. एकटीच, आणि वर्गात म्हणतात तशी मोठ्यानं.

मग सगळे म्हणाले. मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुढं होऊन त्यांनी कवड घेतली आणि टॉवेलात बांधायला लागले.