तात्या वकिलांवरच्या झडत्या

कुठलीही मोकळी, सपाट जागा दिसली की तात्या वकील पायातली वहाण काढायचे आणि टाचेनं जमीन ठोकून बघायचे. लग्नाचा मांडव असो, देवळाचं पटांगण असो, नाहीतर कोर्टाचं आवार. माझे सासरे गेले तेव्हा चिता पेटल्यावर सगळे मान खाली घालून उभे होते आणि हे गृहस्थ चार हात बाजूला जाऊन टाच आपटत होते. मी रागानं जवळ गेलो तर कानात म्हणतात, "मास्तर, जमीन पाहा! साऱ्या अमरावतीत अशी टनक जमीन नाई, अन् ते नेमकी मेलेल्या मानसाईले देऊन टाकली आपन." मला हसू फुटलं. ते दडपायला मी पंचा तोंडावर धरला, आणि जावयाला हुंदका आवरत नाही असं लोकांना वाटलं.

तात्या पिंपळखुटे मूळचे तिवशाकडचे. नागपूरला कॉलेजात असताना क्रिकेट शिकले, आणि त्यासोबत थोडा कायदाही. पन्नाशीला आलेला शिडशिडीत माणूस, धोतरावर काळा कोट, आणि अंगात मुंग्या भरल्यासारखी चुळबूळ. कोर्टात इंग्रजी अशी बोलायचे की गोरा साहेब मान वर करून बघायचा, पण बाहेर आले की शुद्ध वऱ्हाडी. कुणी बसा म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "बसाचं काय हो, मेल्यावर लेटाचंच आहे." मी चांदूर बाजारचा, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा. ते एकदा वर्गात न विचारता शिरले, बाकांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मास्तर, हे लंबे लंबे चार पोरं मले द्या. तसंही तुमच्या इंग्रजीनं त्यायचं काही भलं होऊन नाई राहिलं." तेव्हापासून त्यांनी मला धरलं ते सोडलंच नाही.

त्यांच्या चमूत सगळी पोरं होती. वकिलांची, भिक्षुकांची, मोहल्ल्यातली, बागवाल्या माळ्यांची. खेळायचे ते गावाबाहेरच्या पोळ्याच्या मैदानावर. जमीन काळी, हिवाळा सरत आला की अशा भेगा पडायच्या की चेंडू एखाद्या भेगेत जाऊन बसे आणि पाच पोरं काड्या घेऊन तो उकरत बसत. तोवर धावा मोजाव्यात की नाही, यावर वाद. अशा तयारीवर आम्ही अकोल्याला सामना खेळायला गेलो. तिथे काथ्याची चटई अंथरलेली. चेंडू सरळ येतो ही गोष्टच आमच्या पोरांना माहीत नव्हती! तो वाकडा जाईल या हिशेबानं सगळ्यांनी बॅटी वाकड्या धरल्या, आणि जेवणाच्या सुट्टीआधीच आम्ही डबे उघडून बसलो होतो.

परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर तात्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते. पोरं सामानावर पेंगलेली. एकदम माझ्यापुढे थांबून म्हणाले, "पोरं वाईट नाई, मास्तर. आपन त्यायले जागा नाई देल्ली. आता अमरावतीत खेळघर बांधतो. बांधल्याबिगर मरत नाई." मी म्हटलं, बांधा. तेवढ्यावर त्यांनी मला चिटणीस करून टाकलं.

खेळघराचा बेत मोठा होता. मैदान सपाट करायचं, चटई आणायची, मुंबईहून शिकवणारा आणायचा. शेजारी एक मोठी खोली, तिच्यात वर्तमानपत्रं, व्याख्यानं, बायकांचं हळदीकुंकू, पावसाळ्यात कीर्तन. आम्ही दोघं घरोघर फिरलो. आखाड्याचे वस्ताद म्हणाले, "मानसानं मानसाले उचलून आपटावं, त्याले खेळ म्हनते. लाकडाची फळी घेऊन चेंडूले काहून मारता? त्यानं काय बिघडवलं तुमचं?" आमच्या आळीतले गुरुजी म्हणाले, चेंडूला कातडं असतं, पोरं तसल्याच हातानं पळी-पंचपात्राला शिवतील. तात्या लगेच म्हणाले, "मंग कीर्तनातला मृदंग काय भोपळ्याच्या सालीचा आहे, गुरुजी?" गुरुजी हसले, पण पोराला पाठवीन असं काही म्हणाले नाहीत.

पैसा द्यायला तयार झाले कापसाची जिन चालवणारे एक शेठ. त्यांची अट एकच, मैदानाला चारी बाजूंनी भिंत हवी. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दरवर्षी पोळ्याला शेकडो बैल तिथे उभे राहत, ओल्या काळ्या मातीत खूर रुतत आणि पुढे सगळा हिवाळा ते खड्डे चेंडूला आडवे येत. शिवाय माळणी भाजीच्या पाट्या घेऊन मैदानातूनच बाजाराला जायच्या, त्यांची पायवाट बरोबर मध्यावरून गेलेली. तात्या दोन दिवस तळमळले. मग म्हणाले, "भित बांधू देऊ. दाराची किल्ली तं आपल्याच हाती राहीन."

म्युनिसिपालटीनं जाहीरनामा लावला, दवंडी पिटली. ज्याची हरकत असेल त्यानं मुदतीत लेखी कळवावं. तात्या रोज कोर्टातून निघाले की कचेरीत डोकवायचे. एकही हरकत आली नाही. बैलवाल्यांची नाही, माळ्यांची नाही, कुणाचीच नाही. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण तात्या हर्षानं माझ्या ओट्यावर अक्षरशः उड्या मारत होते. "कायद्यात मौन म्हंजे कबुली, मास्तर! गाव कबूल आहे!" मुदत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती.

पोळ्याला आम्ही दोघं मैदानावर गेलो. तोरणाखाली बैलांच्या रांगा, शिंगांना बेगड, अंगावर झुली, ढोल, घुंगरं, घाम, गोंधळ. आमच्याकडे तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणतात. एकानं पुढे यायचं, जुळवलेल्या ओळी खणखणीत आवाजात सोडायच्या आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाच्या नावानं गर्जायचं. वर्षभर ज्याच्याबद्दल जे पोटात असतं ते त्या दिवशी ओठांवर येतं, आणि ज्याच्यावर झडती झाली त्यानं रागवायचं नाही, जमलं तर उलट झडती करायची, हा रिवाज. गणुजी माळी पुढे आला. त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि सरळ तात्यांकडे बघत सुरू केलं :

"शिंगाले बेगड, पाठीवर झूल,
तात्या वकिलाले पडली भूल!
बैलाले म्हने, तू बाहेर राय,
लाल चेंडूवर पडन तुया पाय!
हर बोला, हर हर महादेव!"

मैदान गर्जलं. तात्याही खळखळून हसले. तेवढ्यात आखाड्यातला एक पहिलवान सरसावला, "दंड नाई, बैठक नाई, माती नाई अंगाले, पांढऱ्या पाटलोनीत चालले पाहा दंग्याले!" पुन्हा गर्जना. मग तिसरा, "तीन काड्यांसाठी भित चारी मेरं, सांभाराच्या पाटीनं जावं कोन्या फेरं?" सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मग चौथा, पाचवा. तात्यांचं हसू हळूहळू उतरलं. लोक ओरडायला लागले, "वकीलसायब, जवाब द्या!" कोर्टात तासन्‌तास बोलणाऱ्या तात्यांनी तोंड उघडलं, आणि एकही ओळ येईना. ढोलवाला टिपरी वर धरून थांबलेला. शेवटी तात्यांनी हात जोडले. लोकांनी टाळ्या पिटल्या, तोरण तुटलं, बैल उधळले.

त्या गर्दीतून तात्यांनी माझी बाही धरून मला बाहेर ओढलं. गणुजीची बायको गिरजाबाई कडेला ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तात्या तिच्यावर कडाडले, "हे सारं मनात होतं तं लिहून काहून नाई देल्लं? दवंडी ऐकू नाई आली?"

"आली नं," गिरजाबाई शांतपणे म्हणाली. "पन कागद म्हंजे कचेरी, वकीलसायब. कचेरीत गेलेला मानूस घरी येते, त्याचा दिवस वापस नाई येत. म्हून म्हनलं, पोळा जवळच आहे, पोळ्याले बोलून टाकू."

तात्या माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मास्तर," ते म्हणाले, "हरकती आल्या. मुदतीच्या आत आल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसवलं. एकेकाला बोलावून आणलं. ज्यानं जी झडती केली होती ती त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली, आणि मग स्वतः फेऱ्या घालत तिचा कायदेशीर मजकूर मला सांगितला. 'सांभाराच्या पाटीनं जावं कोन्या फेरं' याचं 'पूर्वापार वहिवाटीच्या रस्त्यास अडथळा' झालं. पोळ्याचं 'रूढीप्राप्त हक्क' झालं. लोकांनी अंगठे उठवले. मी मध्येच लेखणी खाली ठेवली. "तात्या, तुम्ही आपल्याच हातानं आपलं खेळघर पाडताय." ते ओरडले, "दिसून राहिलं मले! तुमी लिवा!" आवाज फाटलेला होता. मी लिहिलं.

ते कागद घेऊन आम्ही कचेरीत गेलो तर शेठ तिथेच बसलेले. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला. "तात्यासाब, आप किसके वकील हो?"

"ज्याले वकील नाई त्याचा आधी, शेठजी. तुमच्याजवळ तं तिघं आहेत."

म्युनिसिपालटीच्या सभेत हरकती वाचल्या गेल्या आणि भिंतीला मंजुरी मिळाली नाही. शेठ उठले, "बिना दीवार के मेरा पैसा नहीं," म्हणाले आणि गेले. इतकंच झालं. कुणी भांडलं नाही, कुणी तात्यांचे आभारही मानले नाहीत. उलट वकिलांच्या बाररूममध्ये तात्या वेडे ठरले आणि माळ्यांच्या आळीत 'आपलं मैदान नेत होता तो वकील' ठरले. एकदा रस्त्यात गिरजाबाई दिसली तर तिच्यावरही खेकसले, "तुमच्यापायी गेलं माझं खेळघर!" ती पाटी डोक्यावर सावरत म्हणाली, "आमी भित नको म्हनलो, सायब. घर कुठं नको म्हनलं?" त्या एका वाक्यानं पुढे कित्येक दिवस तात्यांना झोप लागू दिली नाही.

मैदान तसंच राहिलं. तात्यांनी कुठूनतरी एक जुनी चटई पैदा केली, भेगांवर अंथरली आणि पोरांना शिकवत राहिले. पोळ्याला मात्र त्यांच्यावर झडती ठरलेली. चटईवर, टाचेवर, काळ्या कोटावर, दरवर्षी नवी. आणि ते दरवर्षी उलट झडती करायचा प्रयत्न करायचे. श्रावण लागला की माझ्या ओट्यावर येऊन यमकं मागायचे, आणि ऐन वेळी तोरणाखाली सगळी विसरायचे. लोक त्याचीच वाट बघायला लागले होते.

असे बरेच पोळे गेले. मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी चालणं बंद केलं, म्हणजे त्यांचं जगणंच बंद केलं. फाल्गुनात मला त्यांचा निरोप आला, अकोल्याला चला, तिथे नवं मैदान झालं आहे. घरच्यांचा विरोध होता, तरी मी घेऊन गेलो. खरोखर सुंदर मैदान होतं. चारी बाजूंनी भिंत, लोखंडी फाटक, आत बैठकीची पक्की खोली, हिरवी कड. पांढऱ्या कपड्यांतली पोरं सराव करत होती. तात्या फाटकाचा गज धरून उभे राहिले. मी त्यांची समजूत घालायला म्हटलं, "तात्या, भिंत आहे हो पण." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बोललो याची लाज वाटली.

"भित आहे तं आहे," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसतही नव्हते. "किती छान आहे, मास्तर. असंच पायजे होतं मले. अजूनई पायजे."

परतीच्या गाडीत मला वाटलं आता ते निजतील. मूर्तिजापूर आलं तसे ते उठून बसले आणि माझं मनगट धरलं. "ऐका. भित नाई बांधाची. पायवाट आहे तशीच ठेवाची, चटई तिच्या पलीकडं सरकवाची. घर कोपऱ्यात, लिंबाजवळ. पोळ्याले चटई गुंडाळून घरात, दुसऱ्या दिवशी माती दाबून घ्याची, बैलवालेच दाबून देतीन. ते बाई बरोबर बोलली होती, माझ्याच टाळक्यात नाई शिरलं इतके वर्ष. आता जाहीरनामा नाई, दवंडी नाई. पोळ्याले तोरणाखाली उभं राहून सांगतो साऱ्याईले. काय शिव्या देतीन ते देऊ द्या." बडनेरा येईपर्यंत ते बोलत होते. मी हो, हो म्हणत होतो आणि त्यांच्या हाताची नाडी माझ्या मनगटावर लागत होती.

तात्या वैशाखातच गेले.

पोळ्याला मी मैदानावर गेलो. त्यांचा बेत मीच सांगायचा असं ठरवून गेलो होतो. बैल आले, ढोल वाजले. गणुजी पुढे झाला, त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला, सवयीनं तात्या उभे राहायचे त्या बाजूला पाहिलं, आणि काहीच न म्हणता मागे सरला. त्याच्यानंतर झडती करायला कुणी पुढे येईना. मी तोरणाखाली गेलो आणि तात्यांच्याच शब्दांत सुरू केलं, "भित नाई बांधाची..."