पळसाच्या काड्या

मोठ्या मायच्या हातात जुनी बांगडी कधी दिसली नाही. आजी तिच्या बांगड्या फोडायची आणि मोठी माय पुढच्या बाजारी नव्या भरून यायची. हिरव्याच. आजी पुन्हा फोडायची. त्या काचा वेचायचं काम माझं, कारण अंगणात अनवाणी आम्ही पोरंच फिरायचो.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांची मोठी भावजय. आमचं गाव आमगावच्या स्टेशनापासून पायी जाण्याइतकं जवळ. मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, मी पाळण्यात असताना बाबांशी भांडून आसामला चहाच्या मळ्यात गेले. पुढे काही कळलं नाही. मग तिकडून परतलेला एक जण म्हणाला, मळ्यात हैज्याची साथ आली, बरेच मेले. आजीने तेवढं धरलं. त्या साली घरचा बैल मेला, आई अंथरुणाला खिळली. भगत म्हणाला, मेलेल्याची क्रिया राहिली म्हणून हे होतंय. प्रेत नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे पळसाच्या काड्यांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि जाळतात. तसा जाळला. तेरवीला सगळं गाव जेवलं.

मोठी माय कुंकू पुसायला तयार झाली नाही. आजी अंगावर धावली तेव्हा म्हणाली, "नारळाच्या पायी मी कुंकू पुसू काऊन? मेलेला दाखवा, मंग पुसीन."

तेव्हापासून गाव तिला नारळाची बायको म्हणू लागलं. एकदा विहिरीवर एकीने तोंडावर म्हटलं. मोठ्या मायने घागर उचलता उचलता उत्तर दिलं, "तुह्या नवऱ्यापरीस बरा हाय व. मारत तं नाही."

तोंड तिचं असं होतं. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत ती ओळीतून सगळ्यांच्या पुढे निघायची आणि धुऱ्याच्या बांधावर बसून मागच्यांना नावं ठेवायची. मला मास्तरीण म्हणायची, कारण घरातून शाळेत जाणारी पहिली पोरगी मी. चौथीनंतर मला घरी बसवलं तेव्हा ती एकटीच भांडली.

"पोरगी दोन बुकं जास्त शिकली तं भात कमी पिकते काय, भाऊजी?"

"तू यात पडू नको, वहिनी," बाबा म्हणाले. मी घरीच बसले. तिच्या भांडणाने कधी काही बदललं नाही, पण भांडायची ती.

एका वर्षी दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत, बांगडीवाली दारात आली. मोठ्या मायच्या लग्नातला चुडा हिनेच भरला होता, घरातली माणसं तिला पाठ होती. बांगडी चढवता चढवता ती हळूच म्हणाली, "बाई, तुह्या घरवाल्याले मी टेसनावर पायलं. तोच फाटका कान. तुह्या दिराशी बोलून राहिला होता. मंग परत गाडीत बसला."

मोठी माय हात सोडवून उठली. बाबा पाय धूत होते.

"भाऊजी, टेसनावर कोण होता?"

"कोण? कोणी नाही."

"कोणी नाही, तं बोलून कोणाशी राहिले होते?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला आणि तसेच ओल्या पायांनी आत गेले. आजी आतून ओरडली, "भूत पायलं असन तिनं. मेलेला माणूस गाडीनं येते काय?"

खरं काय ते आईने मला फार वर्षांनी, बाबा गेल्यावर सांगितलं. ज्याचा पुतळा जळला तो परत आला, तर त्याला सरळ घरात घेत नाहीत. लहान लेकरासारखं त्याचं पुन्हा नाव ठेवायचं, त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, गावाला जेवण द्यायचं. एवढं केलं की तो पुन्हा घरचा मोठा मुलगा होतो आणि जमिनीत त्याचा वाटा उभा राहतो. बाबांना ते नको होतं. त्यांनी भावाला स्टेशनावरच सांगितलं की वहिनीने पाट लावला, दुसऱ्याच्या घरी गेली. विधवेचं दुसरं लग्न आमच्यात चालतं, त्यामुळे मोठ्या बाबांना ते खरं वाटलं. ते गेले. कुठे गेले, कोणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मोठी माय स्टेशनावर जाऊन बसू लागली. कधी मला सोबत न्यायची. उतरेल त्याला विचारायची, "फाटक्या कानाचा माणूस पायला का गा?" लोक हसायचे. बाबा हसत नव्हते. त्यांनी वर अर्ज केला की भावजय पागल झाली आहे.

चौकशीला सरकारी साहेब गावात आले. चावडीसमोर सगळं गाव जमलं. मी आईच्या पदराआडून पाहत होते.

साहेबांनी विचारलं, "तुझा नवरा कुठे आहे?"

"जिता हाय. टेसनावर येऊन गेला."

"गावाने त्याला जाळला ना?"

"काड्या जाळल्या, साहेब. पळसाच्या."

सगळे हसले. साहेबांनी लोकांना विचारलं. पाटलापासून कोतवालापर्यंत प्रत्येक जण म्हणाला, माणूस मेला, आम्ही तेरवी जेवलो. ते खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. पण जेवून उठलेला माणूस पुढे कोणत्या तोंडाने म्हणणार की तो जिवंत असेल? मोठी माय ओरडत होती, बांगडीवालीले बोलवा. कोणी बोलावलं नाही. ती जितकी खरं बोलली तितकी पागल ठरली.

पागलखान्यात न्यायला शिपाई आले तेव्हा ओढाताणीत तिच्या बांगड्या फुटल्या. बैलगाडीत बसल्यावर तिने मला हाक मारली. "मास्तरीण, काचा वेच व. पोराईच्या पायात जातीन." मी वेचल्या. दुसरं मी काय करणार होते?

पुढे मला कामठ्याला दिलं. आईने खरं सांगितल्यावर मी नवऱ्याच्या मागे लागून एकदा पागलखान्यात गेले. तिला तिथे कोणी छळत होतं असं मी म्हणणार नाही. लुगडं धड होतं, तांदूळ निवडत बसली होती. हात मात्र रिकामे. "अठी काच चालत नाही," ती म्हणाली. आजीला इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिथल्या नियमाने पहिल्याच दिवशी केलं होतं.

तिथली दाई म्हणाली, "बाई एकदम ठीक है. बस एक ही बात पे अटकती है. बोल दे कि आदमी मर गया, और घर का कोई मरद लेने आ जाए, तो आज छूट जाए."

मी मोठ्या मायला म्हणाले, "म्हणून टाक ना व. बोलल्यानं काय होते?"

तिने तांदळातला खडा काढून फेकला. "कुंकू पुसलं नाही, पाट लावला नाही. आता अठी येऊन मी त्याले मारू?"

"तुझं खरं होतं. आईनं सांगितलं मले."

"मले सांगून काय होते? मले तं माहीत हाय. या लोकायले सांग."

मी दाईला सांगितलं, नवरा खरंच जिवंत आहे, आमच्याच घराने लपवलं. दाईने माझ्याकडे अगदी तसंच पाहिलं जसं मोठ्या मायकडे पाहत असेल. मग माझ्या नवऱ्याकडे कीव करून पाहिलं. त्याने माझा दंड धरून बाहेर आणलं.

मी माझ्या भावाकडे गेले. घरचा पुरुष आता तोच. तो म्हणाला, "तिले आणलं तं लोक विचारतीन. बाबाचं नाव कायले खराब करतं?" तो गेला नाही. मी पुन्हा दोनदा विचारलं, मग बोलणंच बंद झालं.

स्वराज्य आलं त्याच्या आदल्या वर्षी ती तिकडेच गेली. खबर उशिरा आली, हाडंसुद्धा घरी आली नाहीत. भावाने पुतळा करायला लावला. पळसाच्या काड्या, डोक्याच्या जागी नारळ. मी कामठ्याहून आले होते. भटजींनी विचारलं, "सवाष्ण की विधवा?"

"सवाष्ण," मी म्हणाले.

"विधवा," भाऊ म्हणाला.

भटजींनी भावाचं ऐकलं. हिरव्या बांगड्या मी पदराला बांधून नेल्या होत्या, त्या तशाच परत आणल्या.

तेरवीला गाव जेवायला बसलं. मी बसले नाही. भावाने विचारलं, काऊन जेवत नाही? मी म्हटलं, मेलेली मी पाहिली नाही. त्याने वाढप्याला खूण केली आणि पंगत पुढे सरकली. सगळे जेवले.