गोजरबाईंची जीभ

आमच्या कॉलनीत सिद्धनाथभाऊंची ओळख करून द्यायला दोन वाक्यं लागतात, आणि ती एकमेकांशी भांडतात. पहिलं, ते माळकरी आहेत. दुसरं, ते घरी वाइन करतात. नवीन भाडेकरू पहिलं ऐकून हात जोडतात आणि दुसरं ऐकून ते हात कुठं ठेवावेत या विचारात पडतात. मला दोन्हींचं काही वाटत नाही. आयुष्य शाळेत गेलं माझं. याहून विजोड गोष्टी एकाच दप्तरात पाहिल्या आहेत.

भाऊ मूळचे करकंबचे. एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, निवृत्त झाल्यावर इथं जुळे सोलापुरात माझ्या शेजारी घर बांधलं. करकंबला भावाभावांची द्राक्षबाग आहे. मधे एका वाइन कंपनीनं तिकडच्या शेतकऱ्यांना काळ्या, जाड सालीच्या, बियांच्या द्राक्षांचे वेल लावायला लावले, आणि वेल भराला आले तेव्हा कंपनीच उठून गेली. ती द्राक्षं बाजारात कोण घेणार? मणी बारीक, तोंडभर बिया. सगळ्यांनी वेल उपटून टाकले. भाऊंच्या वाट्याच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या, त्याही त्यांच्या बायकोमुळे. गोजरबाई म्हणाल्या, "फळ धरलेलं झाड उपटायचं नसतंय," आणि गोजरबाई म्हणाल्या म्हणजे विषय संपला.

मग त्या द्राक्षांचं करायचं काय, यातून वाइन निघाली. कंपनीच्या माणसानं एकदा शेतकऱ्यांना सगळी रीत समजावून सांगितली होती. बाकीचे चहाची वाट बघत बसले, भाऊंनी मात्र नवीन इंजिनाची माहिती ऐकावी तशी ती ऐकून ठेवली. द्राक्षं पिळायचं यंत्र त्यांनी स्वतः केलं: लोखंडी चौकट, तिच्यात भोकं पाडलेला स्टीलचा डबा आणि वरून दाब द्यायला ट्रकचा जुना जॅक. पहिल्या वर्षी फजिती झाली ती कापडानं. डब्यात अंथरायला भाऊंनी मागच्या गल्लीतल्या विणकराकडून कोरं सुती कापड आणलं, थेट मागावरून उतरलेलं. मागावरच्या सुताला खळ असते हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल, पण घाईत ना देणाऱ्याला सुचलं ना घेणाऱ्याला. सगळी खळ रसात उतरली आणि वाइनची पेज झाली. ती कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतली. कढीपत्ता अजून ठणठणीत आहे, म्हणजे विषारी नव्हती एवढंच म्हणता येईल.

आता त्यांचा हात बसला आहे. द्राक्षं मार्चात येतात. कुस्करून पिंपात भरायची, भोवती ओली पोती गुंडाळायची, कारण आपल्याकडच्या उन्हात रस नुसता आंबत नाही, उतू जातो. सालं वर येऊन त्यांचा जाड थर बसतो, तो रोज काठीनं खाली दाबायचा. रस शांत झाला की खालची तोटी सोडायची. आपसूक गळते ती पहिली धार, मऊ आणि गोडसर वासाची. तिला भाऊ "सुटलेली" म्हणतात. उरलेली सालं आणि बिया कापडात बांधून जॅकखाली धरायच्या, मग निघते ती "पिळलेली". ती दाट, काळपट आणि तुरट. दोन्ही वेगवेगळ्या बरण्यांत ठेवायच्या आणि उन्हाळा सरताना एकत्र करायच्या. नुसती सुटलेली प्यायली तर पाणचट लागते, नुसती पिळलेली घशाखाली उतरत नाही. किती सुटलेलीत किती पिळलेली घालायची, सगळी कला तिथं आहे.

आणि ती भाऊंना येणं शक्यच नव्हतं, कारण चाळिशीत माळ घातल्यापासून त्यांनी या गोष्टींना जीभ लावलेली नाही. कुणी छेडलं की म्हणत, "माळ गळ्यात हाय, हातात न्हाय. हातानं काय बी करीन, गळ्याखाली जाणार न्हाय."

चव घ्यायच्या गोजरबाई. त्या सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मटणाशिवाय त्यांचा सण होत नाही. नवऱ्यानं माळ घातली तेव्हा त्यांनाही घालायचा आग्रह झाला. त्या म्हणाल्या, "एका घरात एक माळ पुरं की." मागच्या अंगणात वेगळी चूल मांडून घेतली, वेगळी भांडी केली, आणि दोघांचा संसार सुखानं चालला. वाइन एकत्र करायच्या दिवशी भाऊ सुटलेली भांड्यात ओतायचे, वरून पळीपळीनं पिळलेली घालायचे, आणि गोजरबाई घोट घेऊन सांगायच्या: "अजून." "अजून." "दमा जरा." शेवटी पाकाला तार आल्यावर बायका म्हणतात तसं म्हणायच्या, "आलं." की भाऊ त्या मापानं सगळ्या बाटल्या भरणार. कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई दिवाळीला त्या बाटलीची वाट बघत. मला खोटं कौतुक जमत नाही, म्हणून माझ्याकडं पाहुणे कमी येतात. पण ती वाइन चांगली असायची. विकली मात्र कधी नाही.

मागच्या दिवाळीआधी गोजरबाई तापानं आडव्या झाल्या. ताप उतरला, पण जाताना चव आणि वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आली. गोजरबाईंच्या हातची शेंगा-चटणी म्हणजे भाकरीचा हिशेब चुकवणारी गोष्ट. त्या चटणीत आता कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. भाऊ मुकाट्यानं खायचे. एकदा आमटी इतकी खारट झाली की मी तसं म्हणाले, आणि भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचा घास पाण्याबरोबर गिळला.

"बाई, समदं मातीवानी लागतंय बगा," गोजरबाई मला म्हणाल्या. "पोट भरतंय, त्वांड न्हाय भरत." स्वयंपाकघरातून त्या हळूहळू मागे सरकल्या. मागची चूल थंडच असायची. जी बाई सगळ्यांना "हे घाल, ते काढ" सांगायची, ती भाजी निवडत कोपऱ्यात बसू लागली. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून मी त्यांच्याकडं जाणं कमी केलं.

तरी मार्चात द्राक्षं आली. भाऊंनी पिंप भरलं, पिळलं, बरण्या भरल्या. मग उन्हाळा सरत आला आणि एकत्र करायची वेळ आली. त्या सकाळी भाऊ माझ्या दारात.

"बाई, जरा येता? चव बगायला कोन न्हाय."

मी गेले. ओट्यावर दोन बरण्या, भांडं आणि पळी मांडलेली. गोजरबाई खाली बसून शेवग्याचा पाला खुडत होत्या. त्यांनी मला पाहिलं, पेल्याकडं पाहिलं, आणि त्यांचा हात थांबला. भाऊंनी पळी घातली, पेला माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. "अजून थोडी चालेल," मी म्हणाले, आणि तोंडातून शब्द निघताक्षणी मला कळलं की मी दुसऱ्या बाईच्या पाटावर बसले आहे. गोजरबाई पाला तसाच टाकून उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

मी पेला खाली ठेवला. "भाऊ, हे मला जमायचं नाही."

त्यांनी पळी खाली ठेवली. मग मान खाली घातली आणि दोन्ही हात मानेमागं नेले. माळेची गाठ चाचपडत होते. इतक्या वर्षांची गाठ, बोटांना सापडेना. मला वाटलं थांबवावं, पण माळ माझी नव्हती आणि बायकोही माझी नव्हती.

"गाठीला हात लावू नगा."

गोजरबाई दारात उभ्या होत्या. "माज्या जिभंपायी माळ उतरवली तर मी ह्या घरात पानी प्यायची न्हाय," त्या म्हणाल्या. पुढं आल्या, आणि रागाच्या भरात हाताला लागली ती बरणी उचलून पेल्यात ओतली. पिळलेली, नुसती, काळीशार. कडू औषध घ्यावं तशी एका दमात तोंडात घेतली.

गिळली नाही. गाल आत ओढले गेले. डोळे बारीक झाले. त्यांनी एक हात ओट्यावर टेकला.

"काय झालं?" भाऊ घाबरले.

त्यांनी घोट गिळला. "ओढतंय."

"काय ओढतंय?"

"जीब. जीब ओढतीया." त्या पुन्हा थोडी प्यायल्या. "चव न्हाय आली. पर कळतंय. कायतरी हाय त्वांडात, ह्ये कळतंय." आणि त्या रडायला लागल्या. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही.

तुरटपणा ही नुसती चव नसते, तो स्पर्शही असतो, हे मी पुढं कुठंतरी वाचलं. त्या वेळी आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. डोळे पुसून गोजरबाई पुढ्यात भांडं ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "घाला."

भाऊ पळी घालत गेले. "अजून." "अजून." नेहमीचं माप केव्हाच मागं पडलं. भाऊंनी पळी ठेवून तांब्या घेतला. "अजून." भांड्यातला रंग शाईसारखा झाला, तेव्हा कुठं गोजरबाईंचे गाल आत ओढले गेले आणि त्या म्हणाल्या, "आलं."

मग त्या पाला घेऊन मागच्या अंगणात गेल्या, जाताना सून सासरी आल्यासारख्या नव्हे, सासू असल्यासारख्या. मी पेल्यातलं चाखलं. कच्चं जांभूळ बाभळीच्या सालीबरोबर चावावं तसं लागलं. भाऊंनी विचारलं, "कशी झालीया? खरं सांगा."

"तुरट. भयंकर तुरट आहे, भाऊ. डॉक्टरीणबाई एक घोट घेऊन बाटली झाडाला घालतील."

त्यांनी मान हलवली.

मला वाटलं मी शहाणपणाचं सांगते आहे. "असं करा, त्यांच्यापुरत्या चार बाटल्या अशा भरा. बाकीची नेहमीच्या मापानं करा. माप तर तुम्हाला पाठ आहे."

"पाठ हाय की." भाऊ बाटल्या पुसत होते. "गेली कैक वर्सं पाठ हाय."

"मग त्यांना विचारत कशाला होता दरवर्षी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, शाळेत बावळट प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडं मी पाहायची तसं नव्हे, जरा मायेनं. "घरच्या कुनी चाखून 'आलं' म्हनल्याबिगर नुसत्या मापाला काय अर्थ? तिच्यापुरती येगळी भरली, तर ती आजाऱ्याची झाली, बाई. घरची न्हाय ऱ्हायली."

आणि त्यांनी सगळी सुटलेली मोठ्या पिंपात ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तिच्यात गोजरबाईंच्या मापानं पिळलेली घातली. नेहमीचं माप आता करायचं म्हटलं तरी करता येणार नव्हतं.

यंदा दिवाळीला कॉलनीत सगळ्यांना त्याच बाटल्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, यंदा भाऊंचं काय बिघडलं हो? मी म्हणाले, काही नाही, यंदा जमली आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाचं तरी खोटं कौतुक केलं असं वाटून मी घरी आले, माझी बाटली उघडली, एक घोट घेतला, गाल आत ओढले गेले, आणि खोटं कुठं बोलले ते मला सापडेना.