आगशीच्या धक्क्यावर भरलेलं पाणी

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, पोरांना नाही, नोकरीतल्या सोबत्यांना तर नाहीच. तसा मी काही मुका माणूस नव्हे. लातूरला आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर जाऊन बसलो की लोकच म्हणतात — हं काका, काढा तुमची फेरीबोट. मग मी काढतो. आमचा ट्रक तुरीच्या डाळीची पोती घेऊन मडगावला जायचा. वाटेत गोव्यातल्या आगशीला जुवारी नदी आडवी यायची, पूल अजून व्हायचा होता, म्हणून ट्रकसकट बोटीवर चढायचं — हे सगळं मी हातवारे करून सांगतो. ही नदी दिवसातून दोनदा चढते नि दोनदा उतरते, असं मी नायगावकडच्या आमच्या खेड्यात सांगितलं तेव्हा चुलते म्हणाले होते, ह्याला तिकडं कुणीतरी कायतरी पाजलंय. तेही सांगतो. लोक हसतात.

एक गोष्ट तेवढी गाळतो. चाळीस वर्षं गाळत आलो.

आज ती तुमच्यापुढे काढतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

लांबच्या खेपेला एका ट्रकवर दोन ड्रायव्हर लागतात — एक चालवतो, एक झोपतो. आमच्या ट्रकवर मी होतो आणि देवणीकडचा शेषेराव होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बौद्ध घरातला, मॅट्रिक झालेला, त्यांच्या घरात एवढं शिकलेला पहिलाच. मी मराठा शेतकऱ्याचा पोरगा, सातवीत शाळेला रामराम ठोकलेला. ट्रकमध्ये आम्ही एका ताटात जेवायचो. पण देवणीवरून कितीदा गेलो, तो 'घरी चल' म्हणायचा, आणि मी दर वेळी काहीतरी निमित्त काढायचो. मला कुणी अडवलं होतं का? कुणीही नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे पाणी नव्हतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर आला की माझी आई आणि बायको घागरी घेऊन पळायच्या, मी घरी असलो की मीही पळायचो. टँकर नसला की विहिरीच्या तळाशी जे झिरपेल ते वाटीनं भरायचं, आणि त्यालाही रांग. अशा गावातून निघून मी तिसऱ्या दिवशी आगशीच्या धक्क्यावर उभा राहायचो, तर समोर पार पलीकडच्या काठापर्यंत नुसतं पाणी.

ट्रकमध्ये रेडिएटरसाठी पत्र्याचे दोन डबे असत. घाटात इंजिन तापलं की त्यातलं पाणी ओतायचं. डबे भरणं माझ्याकडे होतं, कारण धक्क्यावर गाडीपाशी शेषेरावच लागायचा — ओहोटीच्या वेळी बोटीची फळी तिरकी होते, आणि तिच्यावर भरलेला ट्रक उलटा चढवणं त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. गोड्या पाण्याची विहीर वर वाडीत होती. तिथवर चांगलीच चढण. पहिल्याच खेपेला त्यानं मला बजावून सांगितलं होतं, "खालचं पाणी खारं हाय गा माधव. समिंदराचं आत आल्यालं हाय. इंजनाला खाऊन टाकतंय ते. विहिरीचंच आन."

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं नाही. हे आधी नीट ऐकून ठेवा.

दोन खेपा मी मुकाट्यानं वर गेलो. तिसऱ्या खेपेला वाडीत विहिरीवर बायकांची रांग दिसली आणि माझं डोकंच फिरलं. गावाकडे अख्खी सकाळ एका घागरीसाठी ताटकळून आलो होतो. एवढं पाणी पायाशी पडलेलं असताना मी पुन्हा रांगेत उभा राहू? परमुलखात येऊनसुद्धा? — असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालो. आज विचार करतो, त्यात राग किती होता आणि आळस किती? आळसच जास्त असणार. ऊन होतं, डबे जड होते, चढण होती. मी धक्क्याच्या पायऱ्या उतरलो आणि डबे नदीत बुडवले. करंगळी बुडवून चाटून पाहिलं. खारट. थुंकलो — आणि झाकणं लावली.

त्या खेपेला काही झालं नाही. मग पुढच्या खेपेला पुन्हा तेच. असं पाच-सहा वेळा. प्यायचं पाणी वेगळ्या कॅनव्हासच्या छागलीत असायचं, ते मी चहाच्या टपरीवरून भरून घ्यायचो. त्यामुळे डब्यातल्या पाण्याचा त्याला कधी संशय आला नाही. घाटात गाडी वाफ सोडायला लागली की तो डबा उचलायचा नि ओतायचा. मी शेजारी उभा राहून बघायचो. काही म्हणजे काही वाटायचं नाही मला.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या जीपा, ड्रायव्हरच्या जागा निघाल्या. ही बातमी कुणी आणली? शेषेरावनं. माझा अर्ज कुणी लिहिला? त्यानंच — डाळमिलच्या फाटकापाशी पोत्यावर बसून, आधी माझा, मग स्वतःचा. "आता बास झालं बाबा हे," म्हणाला, "लेकराचं तोंड म्हयन्यातून दोनदा बघून राहिलो." दोघांच्याही अर्जाला मिलच्या मालकाचा अनुभवाचा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता.

आणि आंबोलीच्या घाटात इंजिन जाम झालं.

गाडी ओढून आणली. मिलच्या अंगणात मिस्त्रीनं इंजिन खोललं. आतून पांढरी पुटं, गंज, लोखंड कुरतडल्यासारखं झालेलं. खारं पाणी घातलंय कुणीतरी, मिस्त्री म्हणाला. मालकांनी आमच्याकडे बघितलं. पाणी कोण घालत होतं, त्यांनी विचारलं.

किती वेळ गेला असेल? एक श्वास. त्या एका श्वासात माझ्या डोळ्यापुढे तो अर्ज आला, सरकारी जीप आली, पेन्शन आली.

"शेषेरावच ओतायचा, मालक," मी म्हणालो.

बघा — शब्द खरे आहेत. ओतायचा तोच. भरायचो मी, ते मी बोललो नाही. मालक म्हणाले, "वाटलंच मला." काय वाटलं होतं त्यांना? ते मला कळलं होतं, तुम्हालाही कळलं असेल. त्या अंगणात माझ्या शब्दापुढे त्याचा शब्द टिकणार नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी बोललो. त्याच्या जागी माझ्या भावकीतला कुणी उभा असता, तर माझी जीभ रेटली असती का? नसती. ही त्यातली सगळ्यात घाण गोष्ट आहे आणि ती मी आजवर स्वतःशीसुद्धा नीट बोललो नव्हतो.

शेषेराव स्वतःच्या हातांकडे बघत होता. "हाव," म्हणाला, "वतलं तर म्याच."

मी थांबलो. आता म्हणेल — पण भरलं ह्यानं. नाही म्हणाला. मला वाटलं, हा मला वाचवतोय. त्याबद्दल मला त्याचा रागच आला, हे तुम्हाला खरं वाटेल का?

दाखला मला मिळाला. त्याला मिळाला नाही, कामावरूनही काढलं. नोकरी मला लागली. पहिली काही वर्षं साहेबांना घेऊन टंचाईच्या दौऱ्यावर जायचो, गावोगावी बाया घागरी घेऊन जीपला आडव्या यायच्या, आणि मी खाली मान घालून स्टिअरिंग पुसत बसायचो. घर बांधलं, पोरं शिकली, पेन्शन चालू आहे. शेषेराव दुसऱ्यांच्या ट्रकवर राहिला — नांदेडहून आसाम, नांदेडहून पंजाब, कंबर मोडेपर्यंत. दोनदा लातूरच्या स्टँडवर भेटला. दोन्ही वेळा माझ्या नोकरीची चौकशी करून खूश झाला. तिसऱ्यांदा तो लांबून दिसला तेव्हा मी पेपरच्या स्टॉलमागे गेलो.

गेल्या महिन्यात मुलगा-सून मला गोव्याला घेऊन गेले. जुवारीचा पूल दोन मिनिटांत सरला. सून म्हणाली, बाबा, सांगा ना तुमची फेरीबोट. मी तोंड उघडलं आणि — काही येईना. मुलाला वाटलं, गाडी लागली. परत आल्यावर मी कुणाला न सांगता देवणीची एस.टी. धरली.

त्याच्या ओसरीवर बसलो. वहिनींनी पाणी दिलं, चहा दिला. मी सांगायला सुरुवात केली ती थांबलोच नाही. विहीर, रांग, पायऱ्या, डबे, चाटून पाहिलं ते, मालकापुढे काय म्हणालो ते, का म्हणालो तेही. माफी मागितली नाही. मागितली असती तर त्या बिचाऱ्याला ती द्यावी लागली असती. सांगून झालं आणि मला काय वाटलं? बरं वाटलं. त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधीच बरं वाटलं. छातीवरचा धोंडा काढल्यासारखा श्वास आला. लाज वाटायला हवी होती, पण आला तो सुटकेचा श्वास. अजूनही तसाच येतोय.

मग त्याच्याकडे बघितलं. तो विचारात पडला होता.

"म्हंजी," तो म्हणाला, "तू विहिरीवर गेलाच न्हाईस?"

नाही, म्हणालो.

"म्या म्हनलं, विहीरच खारी झाली आसल. तू तर वरूनच आनलं आसचील. म्या चाखून बघायला पायजे होतं." पुढं म्हणाला, "मंग जल्मभर चाखल्याबिगर पाणी वतलं न्हाई म्या. डबक्यातलं आसलं तरी चाखलं. दोनदा कावीळ झाली."

तो मला वाचवत नव्हता. त्याला माझा संशयच आला नव्हता. चाळीस वर्षं त्याला वाटत होतं, ट्रक आपण घालवला, नोकरी आपण घालवली, आपल्याच हलगर्जीनं. घरात तसंच बोललं जात होतं. भांडण झालं की वहिनी म्हणायच्या, तुम्हांला साधं पाणी कळलं न्हाई.

त्यानं आत हाक मारली. "इकडं ये गं. हा काय म्हणून राहिला आयक." मला म्हणाला, "सांग परत."

मी परत सांगितलं. वहिनी दारातच खाली बसल्या. "आन म्या ह्यांलाच बोलत आले की वो," म्हणाल्या, "इतकी वर्सं." पदर तोंडाला लावून रडल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

शेषेरावनं खिशातून फोन काढला. त्याचा मुलगा उदगीरला शाळेत मास्तर आहे, त्याला लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "ह्यालाबी सांग. पुरं सांग."

मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हणालो, डबे मी भरत होतो. खारं आहे हे माहीत असून भरत होतो. दोष तुझ्या वडिलांवर ढकलला. त्यांची काही चूक नव्हती.

शेषेरावनं माझ्या हातातून फोन घेतला.

"आयकलंस न्हवं?" तो म्हणाला. "ठेव मंग. तास आसल तुजा."