संपादकबाईंचा कप

माझी गोष्ट दिवाळी अंकात येणार, ही बातमी टिटवाळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पोचली तेव्हा गोष्ट अजून अर्धीसुद्धा लिहून झाली नव्हती. यात माझा दोष नाही. मी सासूबाईंना फक्त एवढंच म्हणाले होते की नौपाड्यातल्या संपादकबाईंनी गोष्ट वाचून दाखवायला बोलावलंय. सासूबाईंनी त्यातलं ‘वाचून दाखवायला’ गाळलं, देवळात जाऊन गणपतीपुढे पेढे ठेवले आणि वॉचमनपासून गच्चीवरच्या कबुतरांपर्यंत सगळ्यांना वाटले. वर माझं पहिलं वाक्य दारोदार तोंडपाठ म्हणून दाखवलं: ‘खडवलीच्या नदीला त्या साली असा पूर आला की मासे झाडांवर चढून बसले आणि म्हशी कौलांवर रवंथ करू लागल्या.’

“अहो आई, अजून घेतलेली नाहीये त्यांनी.”

“मग घ्यायला लाव. पेढे काही परत मागता यायचे नाहीत.”

आता या संपादकबाईंची पद्धत सांगते. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत जो कोणी लिहितो त्याला ती ठाऊक आहे. बाई पोस्टाने आलेली गोष्ट उघडत नाहीत. लेखकाने समोर बसून वाचायची. बाईंपुढे चहाचा कप. मन गोष्टीत असेल तोवर कप बशीत राहतो. मन उडालं की हात कपाकडे जातो. कप रिकामा झाला की बाई म्हणतात, “छान. या परत.” त्या ‘या परत’ने गारद झालेले लेखक एकावर एक रचले असते तर घोडबंदर रोडवर आणखी एक टॉवर उभा राहिला असता. चहा गार झाला तरच गोष्ट अंकात.

दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. हातात ट्रे. मला आत घेता घेता हळूच म्हणाले, “अंकात एकच जागा उरलीय. आणि आज आलं नेमकं पडलंय, चहा फार सुरेख झालाय. तुमचं नशीब.”

मी वाचायला लागले. मासे झाडावर चढले. बाईंनी घोट घेतला.

म्हशी कौलांवर गेल्या. दुसरा घोट.

मी आवाज चढवला. चढवलेल्या आवाजाने गोष्ट चढत नाही, हे तेव्हाच कळलं, कारण बाईंनी तिसरा घोट चांगला मोठा घेतला. मला पेढ्यांचा बॉक्स दिसायला लागला. बिल्डिंगच्या गेटपासून आमच्या दारापर्यंत प्रत्येक मजल्यावर ‘काय, आला का अंक?’ विचारणारी माणसं दिसायला लागली. आणि सर्वांत वर, हाताची घडी घातलेल्या सासूबाई.

लिहिणाऱ्यांनो, एक गोष्ट मला कुठल्याही शिबिरात कोणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला फुकट सांगते. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका. तोंड ‘छान’ म्हणतं, कारण ते संस्कारी असतं. हाताकडे बघा. गोष्ट वाचून दाखवायची तर पोळ्या लाटणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या माणसाला दाखवा. हात चालत राहिला तर ती ओळ खोडा. हात थांबला तर तिथे बोट ठेवा आणि तिथून परत लिहा.

कप निम्म्याच्या खाली गेला होता. पुढचं पान म्हणजे माझा हुकमी एक्का: स्टेशनमास्तरच्या खुर्चीत बसून गाड्यांना हिरवा झेंडा दाखवणारी मगर. बाईंची बोटं कपाच्या कानावर तयार होती. मगरीवर एक घोट, झेंड्यावर दुसरा, आणि मग ‘या परत’.

मी मगरीचं पान उलटलं. पुढचंही उलटलं. नजर पडली ती एका कोपऱ्यातल्या ओळीवर. मेथी निवडता निवडता सासूबाईंनी माहेरच्या पुराचं काहीतरी सांगितलेलं, तेवढं मी जागा भरायला टाकलं होतं. त्यात चमत्कार नाही म्हणून काढणारही होते. तेच वाचलं:

‘पाणी ओसरल्यावर ती घरी आली. कणगीतलं वरचं भात कोरडं होतं. तिने कोपरापर्यंत हात घातला. आत गरम लागलं.’

बाईंनी कप अर्धवट उचलला होता. तो तिथेच थांबला.

मी हळू वाचत गेले. मधली पानं उडवल्यामुळे मागचा धागा कुठे तुटलाय ते वाचता वाचताच बघावं लागत होतं. जिथे जिथे जीभ सजवायला धावली तिथे तिथे तिला आवरलं. कागदावर होतं, ‘भाताला फुटलेले मोड साप होऊन वळवळले.’ मी वाचलं, ‘भाताला मोड आले होते.’ खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता. कप बशीत परत ठेवला गेला, पण बाईंचं बोट कपाच्या कानातून निघेना. पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडलं, मी तळव्याने दाबलं. चहावर साय धरायला लागली. ती साय मोडू नये म्हणून, खोटं नाही सांगत, मी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेत होते.

गोष्ट संपली. बाईंनी कपात बघितलं.

“अहो,” त्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, “हा चहा गार झालाय.”

यजमान आले, कप उचलला. “दुसरा टाकतो. दोन कप.”

“पूर काढा,” बाई मला म्हणाल्या. “कणगीपासून सुरू करा. मासे झाडावर चढले हे मला पटलं हो, पण त्यांचं पुढे काय झालं याची काळजी वाटली नाही.”

“बाई, तेवढं पहिलं वाक्य राहू द्या ना. अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे.”

“मग छापायचं कशाला?”

अंक घरी आला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि मासे शोधायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. नजर त्यांच्या हातावर.

“मासे कुठे गेले गं?”

“काढले, आई.”

“आणि आता मी लोकांना काय तोंड दाखवू?”

त्या पुढे वाचायला लागल्या, पुटपुटत, ओळीखाली बोट धरून. बोट थांबलं. बराच वेळ हललं नाही.

“कोपरापर्यंत नाही,” त्या म्हणाल्या. “आणखी आत कुठेतरी कोरडं लागेल, असं वाटलेलं मला.”

मग उठल्या, पदर सारखा केला, अंक घेतला आणि थेट शेजारच्या दाराची बेल दाबली. मला आतून ऐकू येत होतं. “पहिलं वाक्य बदललंय,” त्या सांगत होत्या. “बसा, वाचते.” आणि वाचताना जिथे मी ‘कोपरापर्यंत’ लिहिलं होतं, तिथे त्यांनी न अडखळता ‘खांद्यापर्यंत’ म्हटलं.